सैल करायचा फ्रॉक

देशात पैशाला कागदाचंही मोल उरलं नाही, तेव्हापासून शिवणकाम करणाऱ्या बाईकडे नवं कापड घेऊन कुणी फिरकलं नव्हतं. जो तो अंगावर सैल झालेले जुने कपडे शिवणीत आत घेऊन घट्ट करायला आणायचा. नवऱ्याची पॅन्ट तिने दोनदा कमरेत आत घेतली. "डबा तर चाटूनपुसून संपवतो, पण पायपीट फार होते," तो म्हणाला. सासूचा गाऊन खांद्यात आत घेतला. "या वयात माणूस वाळतंच गं," सासू म्हणाली. स्वतःचे कपडे तिने कुणाच्याही नकळत आत घेतले आणि कुणी काही विचारलं नाही, तेच बरं, असं मनाशी म्हणाली.

एका सकाळी आठ वर्षांची लेक शाळेचा फ्रॉक घेऊन मशीनपाशी आली. "आई, हा घट्ट होतोय."

चार महिन्यांत सैल करायला आलेला हा पहिलाच कपडा. बाईने टेप लावली, वहीतलं जुनं माप पाहिलं, पुन्हा टेप लावली. कंबर दीड इंचाने वाढली होती.

"कुणाकडे मागून खातेस? खरं सांग."

लेक रडवेली झाली. "कुणाकडे नाही गं. सकाळी शाळेच्या फाटकाशी बाबा त्यांचा डबा देतात. दुपारी आजी तिच्या ताटातलं देते. रात्री तू तुझ्यातलं देतेस. आणि तिघंही सांगता, बाकीच्या दोघांना कळू देऊ नकोस."