चौथी चूक

मेडिकल कॉलेजचा अर्ज पाठवून तासही झाला नव्हता, तोवर तिला त्यात तीन चुका सापडल्या. पहिल्याच ओळीत एक शब्द दोनदा पडलेला, मध्येच एक अक्षर गायब, आणि पत्त्यातला पिनकोड अर्धवट. आता बदल करायची सोय नव्हती. असला गबाळा अर्ज कोण कशाला पुढे वाचेल?  तिचं डोकं तापलं.

कारण पाठवण्याआधी अर्जाची छापील प्रत तिने बाबांना दाखवली होती. पस्तीस वर्षं वर्तमानपत्राची प्रुफं तपासलेला माणूस! औषधाच्या खोक्यावरच्याही चुका काढायचा. तासभर पेन्सिल फिरवून म्हणाले होते, "एकही चूक नाही."

तिने टेबलावरचा कागद खसकन ओढला आणि त्यांच्यापुढे आपटला. "पहिलीच ओळ बघा, बाबा. एवढी धडधडीत चूक तुम्हाला दिसली नाही?"

बाबांनी चष्मा सारखा केला. ओळीवरून पेन्सिल सावकाश सरकवली. "हो की गं," ते ओशाळून म्हणाले. "पहिल्याच ओळीत आहे. सुटली खरी माझ्याकडून."

तिने कागदाकडे पाहिलं. रागाच्या भरात तिने भलताच कागद ओढला होता, तिच्या गेल्या वर्षीच्या परीक्षेचं वेळापत्रक.

अर्जाची प्रत टेबलावरच पडली होती. त्यातली शेवटची ओळ तिला तोंडपाठ होती. ती तिने दहा वेळा तपासली होती: 'समोरच्या माणसाने न सांगताही त्याचं दुखणं मला ओळखता येतं.'