पुतळ्याचं माप

माझ्या शिलाईच्या दुकानात बायकोच्या मापाचा कापडी पुतळा आहे. तिची केमो सुरू झाल्यापासून तिचे कपडे मी त्याच्यावरच चढवून, टीप मारून आत घेतो. बिचारीला ट्रायलला उभं राहवत नाही.

मागे तिचा गाऊन पुतळ्याला सैल झाला. वाटलं, आतला कापूस दबला असेल. त्याच मापाने मी टीप मारली, तर घरी तिला तो घट्ट झाला.

पुढच्या केमोनंतर मात्र अगदी चोख बसला.

“लग्नातसुद्धा इतकी बारीक नव्हते हो,” ती हसली. “शिंपी नवरा केला, बरं झालं!”

मीही हसलो. पण काल गाऊन पुन्हा आत घ्यायला दुकानात आणला, तेव्हा आधी पुतळ्यात नवा कापूस ठासून भरला, गाऊन नीट चढवला आणि मगच दुकान बंद केलं.

आज सकाळी डॉक्टर म्हणाले, गाठ लहान होतेय. माझा जीव भांड्यात पडला. तिला घरी सोडलं, भात टाकला, गोळ्या काढून ठेवल्या आणि दुकान उघडलं.

पुतळा जागेवर ताठ उभा होता. गाऊन त्याच्या पायाशी गळून पडला होता, सगळी बटणं लावलेली.

तेवढ्यात तिचा फोन आला.

“अहो, गाऊन झाला का? संध्याकाळी तोच घालेन म्हणते.”