मे महिन्यातला हीटर

इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. अर्धा घाट बाकी होता, आणि बाराला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मंजिरीची मेकॅनिकच्या जागेसाठी मुलाखत.

"इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटमध्ये गुलाबी ओतलंत ना, आप्पा?"

"रंगाचं काय एवढं? सरबत आहे का ते?"

"दोन्ही एकत्र आली की गाळ होतो, रेडिएटर तुंबतो." गाडी चालवता चालवता तिनं हीटर फुल केला, काचा उतरवल्या.

"मे महिन्यात हीटर? बापाला भाजून काढतेस का?"

"इंजिनाची उष्णता आत येऊ दे, तेवढंच ते थंड होईल."

काटा एक रेघ उतरला. पुन्हा चढला. आप्पा घामानं निथळत होते, पण तक्रार थांबली होती. काटा पुन्हा उतरला.

बाराला पाच कमी असताना गाडी गेटवर पोचली. तिच्या मेकॅनिकच्या कोर्सला दोन वर्षं नाक मुरडणारे आप्पा म्हणाले, "पळ. रेडिएटरचं झाकण मी उघडत नाही. तू आलीस की सांग, काय करायचं."