शांत वर्ग

पावणेआठला शिपाई गेंचोकाकांनी जाड निळे पडदे ओढले, दिवे मालवले आणि विजेवर चालणारा नवा फळा सुरू केला. आठला सात मुले येऊन बसली. रुम्यानाबाई बोलू लागल्या की त्यांचे शब्द फळ्यावर आपोआप उमटत. मुले ते वाचत आणि फळ्याला बोट लावून उत्तर निवडत. उजेडात अक्षरे पुसट दिसत, म्हणून हा काळोख.

व्रात्सा गावातल्या या बहिऱ्या मुलांच्या वर्गात पूर्वी बाकांवर थापा पडत, पाय आपटले जात, हसण्याने तावदाने हादरत. फळा आल्याला तीन आठवडे झाले होते. आता सगळे चिडीचूप होते.

"मुलांना काही पाजलंत की काय, बाई?" गेंचोकाकांनी कालच विचारले होते.

आज मागच्या बाकावर तपासनीस बोझकोव बसले होते. वर्ग इथेच चालू ठेवायचा की मुलांना दूर सोफिया शहरातल्या वसतिगृहात धाडायचे, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होते. बहिऱ्यांच्या वर्गातही ते कुजबुजत होते.

"इतका शांत वर्ग मी पाहिला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी पेनाचे टोपण काढले.

तेवढ्यात नऊ वर्षांची नेवेना उठली. ती फळ्याकडे गेली नाही, खिडकीपाशी गेली. दोन पडद्यांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येत होती. त्या पट्टीत हात धरून तिने खुणांनी विचारले, "बाई, आमची शिक्षा कधी संपणार?"

बाईंनीही आपले हात उन्हात आणले. "कसली शिक्षा?"

"न बोलायची."

बाईंनी वळून पाहिले. सहा मुले बसलेली दिसत होती. काळोखात त्यांचे हात दिसत नव्हते.

"काय म्हणते?" बोझकोवांनी हळूच विचारले.

"बोलायची परवानगी मागते."

"शिस्त चांगली आहे."

बाईंनी पडदे या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडले. फळा पांढरा, कोरा झाला. मार्चच्या पहिल्या तारखेला वसंताच्या स्वागतासाठी मनगटांवर तांबडे-पांढरे दोरे बांधलेले हात एकदम वर आले. सातही मुले एकाच वेळी खुणांनी बोलू लागली. बाकांवर थापा पडल्या. कोणीतरी हसता हसता खुर्चीवरून खाली आले.

"बाई," बोझकोवांना पहिल्यांदाच आवाज चढवावा लागला, "फळ्यावर आता काहीच दिसत नाही."

बाईंनी मान डोलावली आणि उघडे पडदे बाजूला बांधून दोरीला दुहेरी गाठ मारली.