तीसपैकी तीस

“शंभरातून सात गेले?”

“त्र्याण्णव.”

“त्यातून सात?”

“शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट.” मास्तरीणबाईंनी एका दमात सांगून टाकलं. “अहो, चाळीस वर्षं संसारात वजाबाकीच करत आले. तुमच्या सातांनी माझं काय होतंय?”

मास्तर हसले. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी बोटं अजून खडू धरल्यासारखी हलायची. “बरं, पाच शब्द?”

“खुर्ची, लिंबू, नदी, खिडकी, पिवळा.”

“शाब्बास!”

चार महिन्यांपूर्वी मास्तरीणबाईंना ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना काहीतरी घेऊन गेला. अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणाऱ्या बाईंनी एका झग्याला दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या. तेव्हा मास्तर घाबरले आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

“तापाशी लढायला उठलेलं शरीराचं सैन्य कधी कधी ताप गेला तरी घरी परतत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आपल्याच मेंदूला शत्रू समजून त्याच्यावर चाल करतं. यांचं तसंच आहे का, ते रक्तावरून नि मेंदूच्या फोटोवरून अजून नक्की कळत नाहीये. दर महिन्याला एक छोटीशी परीक्षा घेऊ, मग ठरवू.”

मास्तरांनी त्यातला एकच शब्द उचलला. परीक्षा.

पहिल्या खेपेला तीसपैकी एकोणीस मिळाले. घरी येताना बाईंनी मास्तरांचा हात घट्ट धरला. “वन्सं सांगत होत्या, त्यांच्या शेजारणीला असंच काहीबाही विचारलं. उत्तरं आली नाहीत, तर जाळीच्या वॉर्डात नेऊन ठेवलं. मला ठेवून याल का हो?”

“वेडी की काय!” मास्तर म्हणाले. “माझ्या हाताखालून एक पोर नापास होऊन गेलेलं नाही. तू होणार आहेस?”

परीक्षेला ते शेजारीच बसले होते. प्रश्न सगळे ध्यानात होते. रोज सकाळी प्रार्थना झाली की शिकवणी सुरू. पाच शब्दांचं पाठांतर, घड्याळाचं चित्र, सातांची वजाबाकी.

दुसऱ्या परीक्षेत सव्वीस आले.

“अरे वा! घरी कसं चाललंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“घरी ना? उत्तम.”

त्याच सकाळी बाईंनी रिकामं पातेलं शेगडीवर ठेवून जाळलं होतं. पुढच्या पंधरवड्यात त्यांना स्वतःच्या घराचं दार सापडेना. मास्तर कुणाजवळ बोलले नाहीत. त्यांनी दुपारचीही शिकवणी सुरू केली.

आणि आज तिसरी परीक्षा. तीसपैकी तीस! नर्सनं कौतुकानं टाळी वाजवली. मास्तरांना शाळेचा निकाल लागल्यासारखं झालं. “पहिली आलीस गं!” त्यांनी बाईंच्या कानात सांगितलं. बाई लाजून हसल्या.

सगळे कागद पूर्ण असावेत म्हणून काल मेंदूचा फोटोही पुन्हा काढला होता. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. मग खाली घेऊन त्यावरचं नाव वाचलं. पुन्हा वर धरला.

“हा यांचाच आहे ना?” त्यांनी नर्सला विचारलं.

“हो, मॅडम.”

डॉक्टर खुर्चीत बसल्या. “मास्तर, मला काही समजेनासं झालंय. हल्ला थांबलेलाच नव्हता. इथला भाग पार गेलाय. तो आता परत यायचा नाही.”

“औषध द्या ना! असेल ते द्या!”

“औषध होतं. पण ते वेळेत द्यावं लागतं. आणि फार जहाल, सगळं सैन्यच झोपवतं. साध्या सर्दीनंही माणूस जायचा. म्हणून खात्री झाल्याशिवाय देत नाही.” त्यांनी फायलीतून घडी घातलेली चिठ्ठी काढून मास्तरांपुढे ठेवली. “ही बघा, दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवली होती. त्या दिवशी या नापास झाल्या असत्या, तर तिथल्या तिथे पहिली सुई देणार होते.”