मागच्या दाराचा ओघळ

"काका, तुम्ही तो ओघळ घासून टाकलात?"

दातांची डॉक्टरीण आपल्या जुन्या गाडीच्या मागच्या दारापाशी उकिडवी बसली होती. कुणी तिच्या पेशंटचा धडधाकट दात उपटावा, असा तिचा चेहरा झाला होता. पेंटरकाका मात्र खुशीत हसले. त्यांना वाटलं, बाई कौतुकच करतेय.

"घासणार नाही तर काय? दाराच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर रंग ओघळून सुकला होता. कारखान्यातच कुणीतरी घाण करून ठेवली होती. पहिल्या दिवशीच साफ केली."

"अहो, पण तोच तर मूळचा होता!" तिनं मोबाइलमधला फोटो त्यांच्या नाकासमोर धरला. "जुन्या गाड्यांच्या स्पर्धेचा नियमच आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशीच हवी, दोषांसकट. त्या सालच्या कितीतरी गाड्यांना इथंच ओघळ असतो. परीक्षक आधी दार उघडून तेच बघतात. मला तो परत करून द्या."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे या गाडीसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. उन्हानं बाहेरचा रंग पार विटलेला. डॅशबोर्डच्या मागे, जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथं त्यांना तळहाताएवढा मूळ रंग सापडला. दुधाळ हिरवा. तो जुळवायला त्यांनी नऊ वेळा रंग कालवला. पत्र्याचे तुकडे रंगवले, वाळवले, भर दुपारी गाडी अंगणात ढकलून उजेडात ताडून पाहिले. आठ तुकडे फेकून दिले. डॉक्टरीणबाई दिवसभर दातांच्या पांढऱ्याशी पांढरा जुळवणारी, पण नवव्या तुकड्यात तिलाही खोट काढता आली नाही. आणि आता म्हणे ओघळ करून द्या!

"बाई, ओघळ म्हणजे पेंटरच्या तोंडाला काळं. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक जरी गेला असेल तर दाखवा, धंदा बंद करतो!"

काकू पलीकडे काचांना कागद चिकटवत होत्या. "सांगून टाका की एकदाचं," त्या म्हणाल्या. "त्यांना काय ठाऊक?"

सांगायचं ते एवढंच होतं. विशीत असताना काका याच गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात होते. एका आठवड्यात त्यांच्या तीन दारांना ओघळ आले. साहेबानं सगळ्यांसमोर उभं केलं, "तुझा हात या कामाचा नाही" म्हणाला आणि फाटक दाखवलं. तेव्हापासून रोज काम सुरू करण्याआधी काका उजवा हात समोर धरून बघायचे, थरथरत तर नाही ना. घरात हा विषय काढायची सोय नव्हती.

काकांनी ते एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरीण म्हणाली, "काका, मग तर हे तुमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही."

बोलली ती भाबडेपणानं, पण काकांना ते चांगलंच झोंबलं. तरी अर्धवट काम सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दात-ओठ खात त्यांनी भंगारातलं एक दार उभं केलं आणि त्याच्यावर ओघळ पाडून बघितला. तो आला जाडजूड. दुसरा सरळसोट, पट्टीनं आखल्यागत. तिसराही तसाच.

"हा मुद्दाम केलेला दिसतो," डॉक्टरीण म्हणाली.

"मुद्दामच करतोय, बाई! चुकून करायला मी काय कालचा शिकाऊ आहे?"

काकू जवळ आल्या. "अहो, तिथं तुम्ही असे ऐसपैस उभे राहून रंगवत होतात का?"

"ऐसपैस? गाडी साखळीवरून सरकत पुढं जायची. आधी एका दाराला वीस आकडे मोजण्याइतका वेळ मिळायचा. मग साहेबानं वेग वाढवला, बारा आकड्यांत दार उरकायचं. मी खालच्या कोपऱ्याशी वाकेपर्यंत दार निघून चाललेलं असायचं."

काकूंनी ते दार पुसून चाकांच्या ढकलगाडीवर बांधलं, दोरी धरली आणि "एक, दोन" करत ओढायला लागल्या.

"अगं, सावकाश!"

"तुमचा साहेब सावकाश घ्यायचा का? चला, पाच, सहा!"

काका धावले. स्प्रेगन पूर्ण उघडून, वाकून, जाता जाता त्यांनी शेवटचा कोपरा गाठला. बारा झाले. काकू थांबल्या. कोपऱ्यातून रंग हळूहळू खाली उतरला. बारीक, टोकाशी किंचित वाकडा. डॉक्टरिणीनं फोटो शेजारी धरला आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

काका हसले नाहीत. त्यांनी दार पुसलं. "पुन्हा ओढ."

पुन्हा तिथंच आला.

"आणखी एकदा."

या वेळी तो येऊ नये म्हणून काकांनी चाळीस वर्षांचं सगळं कसब पणाला लावलं. श्वास रोखला, मनगट घट्ट धरलं. काकूंनी बारा मोजले. ओघळ आला. त्याच कोपऱ्यात, तस्साच.

"हुबेहूब!" डॉक्टरीण ओरडली. "काका, मानलं तुमच्या हाताला!"

काकांनी स्प्रेगन खाली ठेवली. रागानं त्यांचा आवाज चिरकला.

"हाताला कशाला मानता, बाई? हा त्या साहेबाचा ओघळ आहे. चाळीस वर्षं मी तो माझा समजून घासतोय."