मागचा आरसा

दारातून फक्त माना दिसत होत्या. खुर्च्या सगळ्या टेबलाकडे तोंड करून मांडलेल्या आणि माणसं दाराकडे पाठ करून बसलेली. दुसऱ्या कुणाला एवढ्यावरून काही कळलं नसतं. पण सलूनवाल्याला चेहऱ्यांपेक्षा मानाच जास्त ओळखू येत. उभा जन्म त्याने लोकांच्या मागे उभं राहून काढला होता.

त्याने उंबऱ्यातूनच एकेक मान तपासली. जाड, बारीक, सुरकुतलेली, एक तर चक्क घामोळं आलेली. ओळखीची एकही नाही. त्याच्या जिवात जीव आला.

दारू सोडणाऱ्यांची ही त्याची तिसरी सभा. पहिली त्याच्या दुकानामागेच भरायची. तिथे डोकावला तर पुढच्या रांगेत त्यानेच बारीक केलेलं डोकं. आल्या पावली परत फिरला. दुसऱ्या सभेत लोक इतकं गुळगुळीत बोलत होते की आपण चुकून बँकेच्या मीटिंगला आलो की काय, असं त्याला वाटलं. पाणी प्यायला म्हणून उठला तो थेट घरी. दोन्ही वेळा बायकोला सांगितलं, "छान झाली सभा." तिने किल्ली दिली नाही. शाळेच्या मास्तरांचा कान कापला त्या दिवसापासून दुकानाची किल्ली तिच्याकडे होती.

"कुठल्याही सभेला जा," ती म्हणाली होती, "पण शेवटपर्यंत बसा, आणि तिथे तोंड उघडा. मग किल्ली मागा. आज कान होता, उद्या गळा असेल."

म्हणून आज तो बस बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला आला होता. शेवटच्या रांगेत बसून त्याने थरथरणारे हात मांड्यांखाली दाबून धरले.

एक रंगारी उठून आपली कहाणी सांगत होता. तेवढ्यात उशिरा आलेला एक उंच माणूस सलूनवाल्याच्या पुढच्याच खुर्चीत येऊन बसला, आणि सलूनवाल्याची नजर त्याच्या मानेवर गेली. ती मान पोस्टमनची होती. त्याच्याच गल्लीत पत्रं टाकणाऱ्या, दर महिन्याला न चुकता येणाऱ्या गिऱ्हाइकाची. मानेवरची केसांची रेघ डावीकडे वर चढलेली, उजवीकडे खाली घसरलेली. ती कुणी मारली, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

पूर्वी केस कापून झाले की तो मागे छोटा आरसा धरायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं, मग तो कापड झटकायचा. वर्षभरापासून त्याने आरसा धरायचंच सोडून दिलं होतं. माणसाला स्वतःची मान दिसत नाही, या एका भरवशावर त्याचं दुकान चाललं होतं. आता तीच मान हातभर अंतरावर होती आणि दिव्याचा उजेड नेमका तिच्यावर पडला होता. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

तो उठला. खुर्ची करकरली. पोस्टमनने वळून पाहिलं.

दोघंही चोरी पकडली गेल्यासारखे दचकले.

"घ्या!" पोस्टमन हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या दुकानातलं कुणी भेटू नये म्हणून मी इतक्या लांब येतो, आणि तुम्हीच?"

"मी... निघालोच होतो."

"बसा हो. कधीपासून वाट बघतोय तुमची."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"मागचा आरसा दाखवायचा बंद केलात, तेव्हाच समजलो."

"मग बोलला का नाहीत?"

"मानेवर वस्तरा असताना कोण बोलणार?"

शेजारच्या दोन खुर्च्यांत खसखस पिकली. रंगारी बोलायचा थांबला. सगळ्या माना आता वळल्या होत्या आणि त्यांच्या जागी चेहरे आले होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सलूनवाल्याला झालं. पण बायकोची अट शेवटपर्यंत बसायची होती. तो मटकन खाली बसला.

पोस्टमनने मानेवरून हात फिरवला. "आलाच आहात तर विचारून ठेवतो. दुकान कधी उघडताय? मुलीला भेटायला जायचंय. त्याआधी एवढी मान सरळ करून द्या. रविवारी येऊ?"

या की, म्हणायचं. नेहमीसारखं. शब्द जिभेवर तयारच होते. सलूनवाल्याने मांड्यांखालचे हात बाहेर काढून गुडघ्यांवर ठेवले. ते सगळ्यांदेखत थरथरू लागले.

"रविवारी नको," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला, पार टेबलापर्यंत गेला. "हात थरथरतात माझे. पितो मी."

कुणी हसलं नाही. पोस्टमनने त्या हातांकडे एकदा पाहिलं. मग तो पुन्हा टेबलाकडे तोंड करून बसला, आणि कॉलर खाली सारून त्याने ती वाकडी मान उघडी ठेवली.

"मग केस वाढू देतो," तो म्हणाला.